रॅडनोरच्या डोंगराची प्रदक्षिणा

परदेशांत गेलेल्या माणसाला तेथील राजवाडे, संग्रहालयें आणि बाजारपेठा दाखविणारे पुष्कळ भेटतात. तेथील डोंगर दाखविणारा मात्र क्वचित् भेटतो. आपल्याकडील अनेक घरांतील मुलगे आणि मुली शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्तानें इंग्लंडांत राहतात, आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यांत महिना दोन महिने त्यांच्याकडे जाऊन येतात. लंडन पाहून झालें, ऑक्सफर्ड पाहून झालें, कीं मग प्रश्न पडतो, आतां पुढें काय? या प्रश्नाला आज मी एक उत्तर सुचविणार आहें. वेल्सच्या एखाद्या शांत डोंगरावर एक दिवस पायीं हिंडावें; आणि तेंहि असें कीं, सकाळीं ज्या गांवांतून निघालों त्याच गांवांत संध्याकाळीं दुसऱ्या वाटेनें परत यावें. अशा फेरीचा बेत कसा आंखावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रत्यक्ष चालणें ज्याचें त्यानें करावयाचें असतें. परंतु चालण्याचें अर्धें यश आदल्या रात्रीं दिव्याखालीं नकाशा पसरून बसण्यांत असतें.

प्रथम जागेची निवड. वेल्स म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें वायव्येकडील एरीरीचा पर्वतप्रदेश, म्हणजे पूर्वीचें स्नोडोनिया, उभा राहतो. तेथील सर्वोच्च शिखर यर विद्वा हें १,०८५ मीटर उंच असून त्यावर दरवर्षीं लक्षावधि माणसें जातात. शिखरापर्यंत आगगाडीहि जाते. दक्षिणेस बॅनाय ब्रहेनियोगमधील ८८६ मीटरचें पेन-इ-फॅन हेंहि तसेंच गजबजलेलें. सुटीच्या दिवशीं या वाटांवर माणसांची रांग लागते. ज्याला गर्दी टाळावयाची आहे त्यानें या दोन राष्ट्रीय उद्यानांच्या मधला प्रदेश पाहावा. तेथें पोविस नांवाचा परगणा आहे. त्याचा विस्तार सुमारें ५,१८० चौरस किलोमीटर असून २०२१ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या सुमारें १,३३,००० भरली. म्हणजे दर चौरस किलोमीटरास माणसें अवघीं पंचवीस-सव्वीस. याच परगण्याच्या पूर्व बाजूस, इंग्लंडच्या सीमेजवळ, रॅडनोर फॉरेस्ट नांवाचा एक डोंगर आहे. १९७४ पर्यंत रॅडनोरशायर हा स्वतंत्र परगणा होता. त्या वर्षीं तो पोविसमध्यें विलीन झाला. हा डोंगर कोणत्याहि राष्ट्रीय उद्यानांत येत नाहीं, आणि त्यामुळेंच तो शांत राहिला आहे.

नांवांत ‘फॉरेस्ट’ असलें तरी घनदाट अरण्याची अपेक्षा करूं नये. मध्ययुगांत या शब्दाचा अर्थ राजाच्या शिकारीसाठीं राखलेली भूमि एवढाच होता. तीवर झाडें असोत वा नसोत. येथें कडेच्या कांहीं उतारांवर लावलेलीं सूचिपर्णी वृक्षांचीं बनें आहेत. बाकीचा डोंगर म्हणजे गवत, हेदरचीं झुडपें, नेचा आणि पाणथळ माळ. डोंगराचीं मुख्य शिखरें चार: ग्रेट रोस ६६० मीटर, ब्लॅक मिक्सेन ६५०, बॅच हिल ६१० आणि व्हिंबल ५९९. हे आंकडे ऐकून पुणेकर श्रोता कदाचित् हंसेल. पुणें शहर स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटरांवर वसलेलें आहे. म्हणजे ग्रेट रोसचा माथा आपल्या लक्ष्मी रस्त्याहून जेमतेम शंभर मीटर उंच! ज्यानें कळसूबाईचे १,६४६ मीटर पाहिले आहेत त्याला या टेकड्यांचें भय तें काय वाटणार?

परंतु डोंगराचा स्वभाव केवळ उंचीवर ठरत नाहीं. पुणें विषुववृत्तापासून साडेअठरा अंशांवर, तर रॅडनोर बावन्न अंशांहूनहि अधिक उत्तरेस. शिवाय अटलांटिक महासागरावरून येणारा ओला वारा या उघड्या माथ्यांवर थेट येऊन आदळतो. सह्याद्रींत आपल्याला भीति असते ती कड्याची, घसाऱ्याची आणि तहानेची. रॅडनोरांत व्हिंबलची बाजू सोडली तर उतार गोलाईचे आहेत, आणि ओहोळ जागोजाग आहेत. तेथील भीति तीनच गोष्टींची: धुकें, गारठा आणि वेळेचा चुकलेला हिशेब. या तिन्हींचा बंदोबस्त घरीं बसून करतां येतो, आणि म्हणूनच बेत आंखण्याला एवढें महत्त्व आहे.

आतां नकाशा. ब्रिटनमधील ऑर्डनन्स सर्व्हे ही संस्था १७९१ सालीं स्थापन झाली. तिचे दोन प्रकारचे नकाशे चालणाऱ्याच्या उपयोगाचे आहेत. एकांत जमिनीवरील एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. दुसऱ्यांत चार सेंटिमीटर. पायीं हिंडणाऱ्यानें दुसरा घ्यावा. त्यांत प्रत्येक कुंपण दाखविलेलें असतें, आणि डोंगरावर वाट हरवली असतां हें कुंपणच पुष्कळदां माणसाला घरीं आणतें. नकाशावर एक किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन आंखलेले असतात, त्यामुळें अंतर मोजावयास पट्टीसुद्धां लागत नाहीं. समान उंचीच्या रेषा जेथें दाट होतात तेथें चढ उभा, जेथें विरळ होतात तेथें सपाटी. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक हक्काच्या वाटा. त्यांपैकीं आंखूड तुकड्यांच्या रेषा पादचाऱ्यांसाठीं, लांब तुकड्यांच्या रेषा घोडेस्वारांसाठींहि. फिकट पिंवळा रंग म्हणजे ज्या मोकळ्या जमिनीवर वाट सोडूनहि चालण्याचा अधिकार आहे ती जमीन. हा अधिकार २००० सालच्या कायद्यानें दिला, आणि वेल्समध्यें तो मे २००५ पासून अंमलांत आला.

नकाशावरील नांवेंहि वाचावयास शिकावें. वेल्श भाषा येत नसली तरी आठ-दहा शब्दांनीं काम भागतें. ‘पेन’ म्हणजे डोकें, म्हणजेच माथा. ‘नँट’ म्हणजे ओढा. ‘बुल्ख’ म्हणजे खिंड. ‘कूम’ म्हणजे दरी. ‘बाख’ म्हणजे लहान, ‘मौर’ म्हणजे मोठा. आणि ‘रोस’ म्हणजे ओला माळ. ग्रेट रोस हें नांव म्हणजे एक सूचनाच आहे: या डोंगराचा माथा टोंकदार नाहीं, तो विस्तीर्ण, सपाट आणि पाणथळ आहे. असा माथा स्वच्छ उन्हांत आल्हाददायक, पण धुक्यांत फसवा. कारण चारी दिशा सारख्याच दिसतात आणि उतार कोणत्या बाजूला लागेल तें पावलांना कळत नाहीं. ‘लॅन’ हा शब्द चर्चच्या आवारासाठीं आहे. या डोंगराभोंवतीं लॅनविहँगल या नांवानें सुरू होणारीं गांवें आढळतात. त्याचा अर्थ मायकेल या देवदूताचें चर्च. लोककथा अशी कीं, वेल्समधील शेवटचा ड्रॅगन रॅडनोर फॉरेस्टांत निजला असून, त्यानें पुन्हां जागें होऊं नये म्हणून ड्रॅगनचा वध करणाऱ्या मायकेलच्या चर्चांचें कडें डोंगराभोंवतीं उभारलें आहे. सीमेवरचा देव आपल्याला कांहीं नवा नाहीं. गांवाच्या वेशीवर मारुति बसविणाऱ्या लोकांना ही कथा चटकन् समजेल.

फेरीचा आरंभ डोंगराच्या दक्षिण पायथ्याशीं असलेल्या न्यू रॅडनोर या गांवांतून करावा. नांवाला हें ‘न्यू’ असलें तरी तें नॉर्मन लोकांनीं आंखून वसविलेलें जुनें गांव आहे. चर्चच्या वरच्या अंगास किल्ल्याची मातीची उंच टेकडी अजून दिसते. गांवाच्या कडेला दगडी कलाकुसरीचा एक उंच मनोरा आहे; १८६३ सालीं निवर्तलेले मुत्सद्दी सर जॉर्ज कॉर्नवॉल ल्युइस यांचें तें स्मारक. ११८८ सालच्या मार्च महिन्यांत कँटरबरीचे आर्चबिशप बॉल्डविन धर्मयुद्धासाठीं माणसें गोळा करावयास वेल्समध्यें शिरले, ते रॅडनोरलाच प्रथम आले. त्यांच्या बरोबर असलेल्या गिराल्डसनें त्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली आहे. हिअरफर्डहून निघून साऱ्या वेल्सला वळसा घालून ही मंडळी पुन्हां हिअरफर्डला पोंचली. आपली फेरी त्यामानानें फारच लहान. सुमारें चौदा किलोमीटरांची.

न्यू रॅडनोरच्या उत्तरेस डोंगरांत एक खोल दरी शिरलेली आहे. तिचें नांव हार्ली डिंगल. चारहि शिखरें या दरीभोंवतीं घोड्याच्या नालासारखीं बसलीं आहेत. पश्चिमेस ग्रेट रोस, उत्तरेच्या टोंकाशीं ब्लॅक मिक्सेन, पूर्वेस बॅच हिल आणि तिच्या दक्षिणेस व्हिंबल. एका सोंडेनें चढावें, माथ्यामाथ्यानें दरीला वळसा घालावा आणि दुसऱ्या सोंडेनें उतरावें, अशी ही फेरी आहे. नकाशाकडे पाहणाऱ्या कोणाच्याहि मनांत सहज येईल कीं, दमछाक झाली तर मधल्या दरीनेंच सरळ गांवांत उतरतां येईल. अंतरहि थोडें आणि वाटहि उताराची. नेमकी हीच गोष्ट करावयाची नाहीं. हार्ली डिंगलमध्यें दारूगोळ्याच्या चांचणीचें क्षेत्र आहे आणि तें लोकांना बंद आहे. तेथील पाट्या आणि निशाणें यांची आज्ञा निमूटपणें पाळावी. बेत आंखतांना या दरीवर पेन्सिलीनें फुलीच मारावी, म्हणजे थकलेल्या वेळीं मोह होणार नाहीं.

या एका फुलीनें साऱ्या फेरीचें रूप पालटतें. गांव खालीं डोळ्यांसमोर दिसतें, पण मधून उतरण्याची सोय नाहीं. अर्ध्या वाटेवर पोंचलेल्या माणसास पुढें जाणें किंवा आल्या वाटेनें मागें फिरणें हे दोनच मार्ग. उत्तरेकडे उतरलें तर सुटका होते हें खरें. परंतु तो रस्ता डोंगराच्या पलीकडचा, आणि आपली गाडी अलीकडे! म्हणून कोठपर्यंत मागें फिरावयाचें आणि कोठून पुढें फिरणें उगीच ठरेल, हें आधींच ठरवून निघावें लागतें.

दुसरा प्रश्न दिशेचा. फेरी दोन्ही बाजूंनीं करतां येते. पुष्कळ जण प्रथम व्हिंबलकडे वळतात, कारण गांवाच्या डोक्यावर तोच सुबक शंकूसारखा उभा असतो. माझ्या मतें मात्र आपण आपल्या रिवाजाप्रमाणें प्रदक्षिणाच घालावी, म्हणजे दरी सतत उजव्या हाताला ठेवून पश्चिमेच्या सोंडेनें आधीं ग्रेट रोसवर चढावें. याला धार्मिक कारण नसून व्यवहारी कारणें तीन आहेत. पहिलें असें कीं, त्या देशांत वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो. प्रदक्षिणेच्या क्रमानें गेल्यास चढतांना आणि ग्रेट रोसहून ब्लॅक मिक्सेनकडे जातांना, म्हणजे सर्वांत उघड्या भागांत, वारा पाठीशीं राहतो. उलट फिरल्यास तोच वारा आणि पाऊस तोंडावर घ्यावा लागतो. दुसरें कारण, सर्वांत उंच, सर्वांत ओला आणि धुक्यांत सर्वांत फसवा माथा पाय ताजे असतांना आणि दिवस हातांत असतांना ओलांडला जातो. तिसरें, ब्लॅक मिक्सेनवर दळणवळणाचा एक उंच मनोरा उभा आहे. तेथवर त्याच्या रोखानें चालतां येतें, आणि तेथून पुढें वाटा अधिक ठळक होत जातात. अवघड आधीं आणि सोपें शेवटीं, असा क्रम आपोआप साधतो. व्हिंबलचा उतार मात्र उभा आणि ओल्या गवतावर निसरडा असतो. गुडघे कुरकुरत असतील त्यांनीं शिखराचा आग्रह सोडून त्याला बगल देणाऱ्या वाटेनें उतरावें.

आतां वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक नियम घालून दिला, तो अजूनहि उपयोगी पडतो. नकाशावरील दर तीन मैलांस एक तास धरावा आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास मिळवावा. मेट्रिक मापांत बोलावयाचें तर पांच किलोमीटरांस एक तास आणि सहाशें मीटर चढास एक तास. आपल्या फेरीचें अंतर सुमारें चौदा किलोमीटर. म्हणजे पावणेतीन तासांहून किंचित् अधिक. मधल्या खिंडींतून पुन्हां पुन्हां चढावें लागत असल्यानें एकंदर चढ सुमारें साडेसहाशें मीटर भरतो. त्याचा एक तास पांच मिनिटें. बेरीज जवळ जवळ चार तास. पण नेस्मिथ हा कसलेला डोंगरी माणूस होता. त्याच्या हिशेबांत फोटो काढणें नाहीं, बुटाची नाडी बांधणें नाहीं, दलदलीला वळसा घालणें नाहीं, आणि “जरा बसूं या” हें तर नाहींच नाहीं. साध्या कुटुंबानें या आंकड्याच्या दीडपट वेळ धरावा. म्हणजे सुमारें सहा तास. त्यांत जेवणाचा अर्धा तास मिळविला म्हणजे सकाळीं दहाला निघालेली मंडळी साडेचारच्या सुमारास परत येतील.

हा साडेचारचा आंकडा पंचांगाशीं ताडून पाहावा. जूनच्या अखेरीस तेथें सूर्य रात्रीं साडेनऊच्या सुमारास मावळतो. तेव्हां हातीं पांच तासांची शिल्लक राहते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं ब्रिटनमध्यें घड्याळें एक तास मागें घेतात, आणि त्यानंतर सूर्यास्त पावणेपांचच्या सुमारास येतो. तीच माणसें, तोच डोंगर, तोच निघण्याचा वेळ. पण शिल्लक पांच तासांवरून पाव तासावर येते. डिसेंबरांत तर चारलाच दिवस संपतो. आपल्याकडे वर्षभर दिवसाची लांबी फारशी बदलत नाहीं, म्हणून ही गोष्ट आपल्या हाडीं मासीं मुरलेली नसते. मुलगा तेथें दहा वर्षें राहिलेला असला तरी आईवडिलांनीं हा प्रश्न त्याला अवश्य विचारावा: “आज सूर्य किती वाजतां मावळणार?”

यावरून परत फिरण्याची वेळ काढतां येते. ग्रेट रोसचा माथा गांवापासून वाटेनें सुमारें पांच किलोमीटर दूर आणि सव्वाचारशें ते साडेचारशें मीटर वर. नेस्मिथच्या नियमानें पावणेदोन तास. दीडपटीनें अडीच तासांहून थोडे अधिक. दहाला निघालेल्यांनीं साडेबारा-पाऊणपर्यंत तेथील त्रिकोणमितीच्या खांबाशीं पोंचावें. दीड वाजेपर्यंतहि खांब दिसला नाहीं, किंवा माथ्यावर धुकें उतरलें आहे आणि होकायंत्रावर कोणाचाच हात बसलेला नाहीं, तर तेथूनच आल्या वाटेनें परत फिरावें. येथपर्यंत परतीची वाट ओळखीची असते. ब्लॅक मिक्सेन ओलांडल्यावर मात्र मागें फिरण्यांत लाभ नाहीं. पुढची वाटच जवळची. म्हणजे फेरीचा खरा निर्णय एकाच ठिकाणीं घ्यावयाचा असतो, आणि तें ठिकाण ग्रेट रोस.

ही वेळ कागदावर लिहून खिशांत ठेवावी. डोंगरावर गेल्यावर मन वकिली करूं लागतें. इतके दूर आलों, आतां थोडक्यासाठीं काय, असें तें म्हणतें. पुन्हां कधीं येणें होणार, असेंहि म्हणतें. आणि परदेशीं आलेल्या माणसाच्या बाबतींत तें खरेंहि असतें. आदल्या रात्रीं शांतपणें लिहिलेला आंकडा या वकिलाला गप्प करतो. पंचाहत्तरीच्या आजोबांपुढें “तुम्हांला झेपेल ना?” असें डोंगरावर विचारणें म्हणजे त्यांच्याकडून होकार वदवून घेणेंच होय, कारण मुलांचा दिवस आपल्यामुळें फुकट गेला असें कोणत्या वडिलांना आवडेल? म्हणून निर्णय माणसावर न सोंपवितां घड्याळावर सोंपवावा. घड्याळ सांगतें म्हणून परतलों, यांत कोणाचाच कमीपणा नाहीं. याच न्यायानें, चालण्याची गति सर्वांत सावकाश चालणाऱ्याची असावी आणि त्याला सर्वांच्या पुढें चालूं द्यावें. मागें राहिलेला माणूस धापा टाकीत येऊन पोंचतो, तोंच पुढचे विश्रांति संपवून उठतात. अशा रीतीनें ज्याला विसाव्याची गरज सर्वांत अधिक त्यालाच तो मिळत नाहीं.

हवामानाचा अंदाज निघण्याच्या सकाळीं पाहावा, आणि तो गांवाचा न पाहतां डोंगरमाथ्याचा पाहावा. चारशें-साडेचारशें मीटर वर गेल्यानें उष्णमान साधारण तीन अंशांनीं उतरतें. हा फरक लहान. खरा गारठा वाऱ्याचा आणि ओल्या कपड्यांचा. सुती कपडा एकदां भिजला कीं तो अंगाची ऊब शोषून घेतो. म्हणून आंत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर उबदार थर आणि सर्वांवर पाणी न शिरणारा कोट, अशी तिपेडी व्यवस्था असावी. साडी वा धोतर नेसणाऱ्या वडील मंडळींनीं त्या एका दिवसापुरता संकोच सोडावा. पायांत घोट्यापर्यंत येणारे, तळाला खोल खांचा असलेले बूट. पिशवींत नकाशा, होकायंत्र, शिट्टी, विजेरी, पाणी आणि जेवणाहून अधिक एक वेळचें खाणें. वाटेंत दुकान नाहीं. आपल्याकडचा गूळ-शेंगदाणे आणि तिखटमिठाच्या पुऱ्या या कामाला विलायती चॉकलेटाहून कोठेंच कमी पडत नाहींत.

खिशांतल्या दूरध्वनीवर हल्लीं नकाशाहि दिसतो आणि आपण कोठें उभे आहोंत तेंहि दिसतें. त्याचा उपयोग अवश्य करावा. पण थंडींत त्याची बॅटरी लवकर उतरते आणि डोंगरांच्या घड्यांत संदेशाच्या लहरी पोंचतीलच असें नाहीं. कागदाचा नकाशा कधीं विझत नाहीं. अपघात झालाच तर ९९९ हा क्रमांक लावून प्रथम पोलीस मागावेत आणि त्यांच्याकडून डोंगरी बचाव पथक मागावें. हें पथक बिनपगारी स्वयंसेवकांचें असतें. दूरध्वनि लागत नसेल तर एका मिनिटांत सहा वेळां शिट्टी वाजवावी, एक मिनिट थांबावें आणि पुन्हां वाजवावी. तीन शिट्ट्यांचें उत्तर आलें कीं हांक ऐकली गेली असें समजावें. आणि निघण्यापूर्वीं कोणातरी खालच्या माणसाला आपली वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी. परतल्यावर त्याला कळविण्यासहि विसरूं नये; नाहींतर आपण घरीं चहा पीत असतां स्वयंसेवक अंधारांत आपल्याला शोधीत हिंडतील.

हिंस्र श्वापदांची चिंता नको. त्या देशांत वाघ-बिबट्या नाहींत; विषारी साप एकच, ॲडर, आणि तोहि माणसाची चाहूल लागतांच निघून जाणारा. उन्हाळ्यांत नेच्याच्या रानांतून जातांना मात्र गोचिडी अंगाला लागतात आणि त्यांपासून ताप येऊं शकतो. म्हणून विजार मोज्यांत खोंचावी आणि घरीं आल्यावर अंग तपासावें.

आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. हा डोंगर शांत असला तरी ओसाड नाहीं. तो मेंढपाळांचा चरितार्थ आहे. फाटक उघडें असेल तर उघडें आणि बंद असेल तर बंद, जसें सांपडलें तसेंच ठेवावें. १ मार्च ते ३१ जुलै या काळांत मोकळ्या जमिनीवर कुत्रा आंखूड दोरीनें बांधून न्यावा असा कायदा आहे. कारण तेव्हां जमिनीवर घरटीं करणारे पक्षी अंडीं घालतात, आणि वसंतांत मेंढ्यांचीं कोंकरें लहान असतात. हिंडण्याचा अधिकार कायद्यानें दिला. पण पाहुण्यानें कसें वागावें हें कायद्यानें शिकवावें लागूं नये.

एवढी तयारी करून जाणाऱ्याला तेथें काय मिळतें, असें कोणी विचारील. मे महिन्यांत गेलें तर डोक्यावर चंडोल गात असतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटनमधून जवळ जवळ नाहींशी झालेली तांबडी घार शेवटपर्यंत टिकली ती याच मध्य वेल्सच्या खोऱ्यांत. आज ती दुभंगलेली शेंपटी वळवीत सहज घिरट्या घालतांना दिसते. बॅच हिलच्या माथ्यावर प्राचीन काळच्या माणसांनीं आपल्या मृतांसाठीं रचलेला मातीचा ढीग आहे. वेळ उरला तर गांवाच्या पश्चिमेस, बनाच्या आडोशाला, एक अरुंद धबधबा आहे; त्याचें नांवच मुळीं ‘पाणी आपली मान मोडून घेतें’ अशा अर्थाचें. याच परगण्याच्या दक्षिण भागांत क्लायरो येथें १८६५ ते १८७२ पर्यंत फ्रान्सिस किल्व्हर्ट हा तरुण पाद्री होता. घरोघरच्या आजारी आणि वृद्ध माणसांना भेटण्यासाठीं तो हे डोंगर पायीं तुडवीत असे, आणि जें पाही तें रोजनिशींत उतरवी. ती रोजनिशी १९३८ ते १९४० या काळांत प्रसिद्ध झाली आणि इंग्रजी वाचकांनीं ती डोक्यावर घेतली. त्या रोजनिशींत मोठीं साहसें नाहींत. एका मनुष्यानें आपल्या परिसरांत नीट डोळे उघडे ठेवून चालावें, एवढीच तिची पुंजी आहे.

श्रोतेहो, हीच पद्धत आपल्या डोंगरांनाहि लागू पडते. सिंहगड वा राजमाची, तेथेंहि अंतर मोजावें, चढ मोजावा, त्याची दीडपट करावी, सूर्यास्ताशीं ताडावें आणि परत फिरण्याची वेळ कागदावर लिहावी. डोंगर बदलला कीं भीति बदलते. हिशेब बदलत नाहीं. रॅडनोरला जाण्याचा योग ज्यांना येईल त्यांनीं आदल्या रात्रीं नकाशा पसरल्यावर घरांतील सर्वांना जवळ बोलवावें, लहान मुलांना चौकोन मोजूं द्यावे, वडिलांना वेळ ठरवूं द्यावी. दुसऱ्या दिवशीं पाऊस लागला आणि जाणें राहिलें, तरी ती संध्याकाळ वायां जात नाहीं. आणि ऊन पडलें तर दहाच्या ठोक्याला निघावें.